तुमचं गाव कोणतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुंबईहून सुटणाऱ्या बऱ्याच लोकल कर्जतला संपतात. काही पुढे खोपोलीपर्यंत जातात, पण बाकीच्यांची हद्द कर्जत. लांब पल्ल्याच्या गाड्याही इथे वर्षानुवर्षं थांबत आल्या, कारण पुढे बोरघाट आहे आणि तो चढायचा तर गाडीला मागून इंजिनं लावावी लागतात. ती लागेपर्यंत प्रवासी वडापाव खातात, पाय मोकळे करतात. आणि तेवढ्या वेळात कधीकधी टोकाच्या डब्यातून एखादा माणूस उतरतो. अंगावर एकावर एक तीन-चार सदरे, केसांच्या जटा, काखेत गाठोडं. आपण कुठे उतरलो हे त्याला ठाऊक नसतं. गाडी सुटते, तो तिथेच राहतो. त्याला तिकीट कोणी विचारत नाही. नावही कोणी विचारत नाही.

आज मला बोलायचंय ते या माणसाच्या इतिहासाविषयी. ‘अपंगत्व आणि आपण’ असा विषय मला देण्यात आला, तेव्हा देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माझा पाय असणार हे उघड आहे. माझा उजवा पाय मी दोन वर्षांचा असताना पोलिओने गेला. तेव्हापासून कॅलिपर आणि काठी. लहानपणी मला ‘लंगडा’ म्हणत, मग ‘अपंग’ म्हणू लागले, नंतर ‘विकलांग’, आणि २०१५ साली पंतप्रधानांनी रेडिओवरच ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, तो पुढे सरकारी कागदावर आला. पाय तोच आहे. त्यात दिव्य काही मला अजून सापडलेलं नाही. पण लंगडा म्हणा की दिव्यांग, माझं अपंगत्व दिसतं. बसमध्ये कोणी ना कोणी उठून जागा देतं. माझ्या पिढीच्या पायांबद्दल या देशाने पुष्कळ केलं. १९९५पासून पल्स पोलिओच्या फेऱ्या झाल्या, २०११च्या जानेवारीत हावड्याला शेवटचा रुग्ण सापडला, २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्यासारखे पाय आता नव्याने तयार होत नाहीत, हे किती मोठं काम आहे ते आम्हीच जाणतो. तेव्हा पायाची गोष्ट इथे पुरे.

गोष्ट सांगायची आहे ती माझ्या मामूची.

१९८१ हे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केलेलं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. मी अकरा वर्षांचा. आमच्या भागातही एक कार्यक्रम झाला. मांडव, हार, भाषणं. मला स्टेजवर उभं करून नवा कॅलिपर दिला, फोटो काढला. आमच्या कुलाबा जिल्ह्याचं नाव त्याच वर्षी रायगड झालं होतं. मुख्यमंत्री अंतुले आमच्याच जिल्ह्यातले, त्यामुळे भाषणांत त्याचाही अभिमान होता. फोटोत मी हसतोय. अम्मी माझ्या मागे उभी आहे, ती हसत नाही. तिचा धाकटा भाऊ त्या वेळी खालापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी, गुरांच्या गोठ्यात साखळीने बांधलेला होता.

मामू खोपोलीच्या एका कागद कारखान्यात कामाला होता. अक्षर मोत्यासारखं. मला पहिल्यांदा मराठी कविता वाचून दाखवली ती त्याने. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. पाताळगंगेच्या काठाने रात्री-अपरात्री फिरायचा, भिंतीशी भांडायचा. नानीने त्याला हाजीमलंगला नेलं. गुजरातेत मीरादातारला नेलं. शेजारच्या ठाकूरवाडीतल्या भगताने कोंबडा मागितला, तोही दिला. मधल्या काळात त्याने एकदा विहिरीत उडी घेतली, तिथून साखळी आली. त्या साखळीमागे दुष्टावा नव्हता हे मी शपथेवर सांगतो. मुलगा जिवंत राहावा एवढाच हिशेब होता. नानी रोज दोन वेळा ताट घेऊन गोठ्यात जायची आणि त्याच्यासमोर बसून जेवायची. पण साखळी ती साखळीच. गोठ्यातल्या खांबाला तिने पाडलेला खोबणीसारखा वळ मी नंतर कितीतरी वर्षं पाहिला.

त्या वर्षीच्या बकरी ईदच्या सकाळी, आंघोळीसाठी आणि नमाजासाठी, नानीने साखळी सोडली. ऑक्टोबर महिना, भात कापणीला आलेलं. मामूने आंघोळ केली, नवा पांढरा सदरा घातला, नमाजाला सगळ्यांबरोबर उभा राहिला. नमाज संपल्यावर लोक गळाभेट घेत होते, त्या गर्दीतून तो बांधावरून निघून गेला. त्यानंतर तो दिसला नाही. कोणी म्हणालं, खोपोलीला लोकलमध्ये चढताना पाहिला. कोणी म्हणालं, कर्जतला.

हा गेला म्हणजे नेमका कुठे गेला, या प्रश्नाच्या मागे मी आयुष्यभर वाचत राहिलो. शिक्षण बी.ए.पर्यंतचं, इतिहास हा काही माझा अभ्यासाचा विषय नाही, कविता लिहिणारा माणूस आहे मी. पण घरातला एक माणूस रस्त्यावर नाहीसा झाला की त्या रस्त्याचा इतिहास वाचावा लागतो.

आधी भाषेकडेच पाहिलं. आपल्या भाषेत वेड्याला जागा होती. रिद्धपूरचे गोविंदप्रभू, चक्रधरस्वामींचे गुरू, तेराव्या शतकातले. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा लिहून ठेवल्या आहेत. त्या वाचताना लक्षात येतं की गावातले लोक त्यांना सरळ वेडा म्हणत. ते कोणाच्याही घरात शिरत, हवं ते खात, स्वतःशीच खेळत. लोक चिडत आणि जेवूही घालत. त्यांचा भक्त म्हणेल ती ईश्वराची लीळा होती, मी त्या वादात पडत नाही. मला दिसतं ते एवढंच, की गाव त्यांना ओळखत होतं. आमच्याकडे ‘मजजूब’ हा शब्द आहे. ज्याचं भान अल्लाहकडे ओढलं गेलं तो. त्याला नमाजाची सक्ती नाही, त्याच्या बोलण्याचा राग धरायचा नाही. नानी मामूला मजजूब म्हणायची. शेजारी ‘पागल’ म्हणत. या दोन शब्दांमध्ये ती जगली.

पण कवी म्हणून एक कबुली दिली पाहिजे. आम्ही लोकांनी हे शब्द फार गोड करून ठेवले. दीवाना, वेडा, पिसा. माझ्याच पहिल्या संग्रहात ‘वेड’ हा शब्द किती वेळा आलाय ते मोजलं तेव्हा मला लाज वाटली. त्या ओळी लिहिणाऱ्याने गोठ्यातला खांब पाहिला होता आणि तरी तो प्रेमाच्या वेडाबद्दल लिहीत होता.

गावाने ओळखलेला वेडा वेगळा आणि गाव सुटलेला वेडा वेगळा. हा दुसरा माणूस रेल्वेने वाढवला असं मला वाटतं. पायी फिरणारा फार तर दहा गावं पलीकडे जाई, तिथे त्याची बोली कळणारं कोणीतरी भेटे. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला, आणि मग इकडचा माणूस एका रात्रीत अशा मुलखात पोचू लागला जिथे त्याचं एक अक्षर कोणाला कळणार नाही. तिकडचा इकडे. कर्जतच्या फलाटावर उतरणारे असे माणूस मी बंगाली, तेलुगू, उडिया बोलताना ऐकलेत. आपण त्याला बडबड म्हणतो. त्यातली अर्धी बडबड म्हणजे नुसती परकी भाषा असते.

कायद्याचीही कथा त्याच काळात सुरू होते. इंग्रजांनी हिंदुस्थानासाठी वेड्यांचा कायदा केला तो १८५८ साली. हे वर्ष वाचून मी थबकलो, कारण त्याच वर्षाच्या अखेरीस आमच्या तालुक्यातला एक माणूस हिंदुस्थानातून नाहीसा झाला. नानासाहेब पेशवे. त्यांचा जन्म १८२४ साली वेणगावचा, कर्जतपासून अगदी जवळ. घरचे लोक बिठूरला गेले, १८२७ साली दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना दत्तक घेतलं, पुढचं सत्तावन्नचं पर्व सगळ्यांना माहीत आहे. उठाव मोडल्यावर ते नेपाळच्या तराईत शिरले आणि पुढे त्यांचं काय झालं याचा पक्का पुरावा कोणाला मिळाला नाही. पण शोध थांबला नाही. कितीतरी वर्षं फकीर, बैरागी, गोसावी नानासाहेब असल्याच्या संशयाने पकडले जात होते. १८७४ साली ग्वाल्हेरला असाच एक बैरागी धरला गेला, मोठा गाजावाजा झाला आणि शेवटी हा तो नव्हे असं ठरलं.

मी हे वाचतो तेव्हा राजकारण बाजूला राहतं. मला दिसतं की एका हरवलेल्या माणसासाठी सरकारने भटक्यांचे चेहरे निरखले. नानासाहेबांवर बक्षीस होतं. माझ्या मामूवर नव्हतं. त्याच्यासाठी नानी स्वतः कर्जत स्टेशनवर जाऊन बसायची, दर गुरुवारी. खालापूर हा एके काळी कर्जत तालुक्याचाच पेटा होता, तिच्या लेखी सगळ्या वाटा कर्जतलाच निघत. उतरणाऱ्या प्रत्येक जटाधाऱ्याजवळ ती जायची, त्याच्या तोंडावरचे केस बाजूला करून बघायची.

१८५८चा कायदा जाऊन १९१२चा आला. त्यात वेडा भटकताना दिसला तर पोलिसाने त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं अशी तरतूद होती. मॅजिस्ट्रेटने हुकूम दिला की वेड्यांच्या इस्पितळात. आमच्यासाठी असं इस्पितळ म्हणजे ठाणं, १९०१ सालचं, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाच्या देणगीतून उभं राहिलेलं. ‘ठाण्याला पाठवू का?’ हे वाक्य आमच्याकडे चेष्टेत आणि भांडणात अजून वापरलं जातं. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षं तसाच चालला. त्याच्या जोडीला १९५९चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा आला. त्यात भीक मागणं म्हणजे काय याच्या व्याख्येत, उपजीविकेचं साधन दिसत नसताना रस्त्यावर भटकणं हेही बसतं, आणि भिकेसाठी जखम, व्यंग, रोग उघडा करून दाखवणंही बसतं. म्हणजे रस्त्यावरचा मनोरुग्ण आणि रस्त्यावरचा लंगडा, मामू आणि मी, एकाच कलमात. कुठे म्हणून आम्ही दोघे एकत्र आलो असू तर तिथे. वेडे म्हणून ज्यांच्यावर कसलाही गुन्हा नाही अशांना तुरुंगात ठेवायची पद्धत तर १९९३पर्यंत चालली. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी लढवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, तेव्हा कुठे ती कागदावर तरी थांबली.

आता यातली सर्वांत बोचणारी गोष्ट सांगतो. ज्या आजारासाठी मामूला बांधलं, त्यावरचं पहिलं खरं औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये वापरात आलं आणि त्यानंतर काही वर्षांतच ते हिंदुस्थानातही पोचलं. म्हणजे साखळी पडली तेव्हा औषध पाव शतक जुनं होतं. कर्जतहून ठाणं लोकलच्या अंतरावर. औषध पॅरिसहून ठाण्यापर्यंत आलं, पण ठाण्याहून खालापूरला आलं नाही. गाडी नव्हती म्हणून नव्हे. ठाण्याला नेलं तर धाकट्या मावशीचं लग्न मोडेल, म्हणून. हे मला अम्मीने फार उशिरा सांगितलं. मावशीचं लग्न झालं, चांगलं झालं. तिच्या घरी मामूचं नाव काढत नाहीत.

शिरगणतीतही हा माणूस सापडत नाही. इंग्रजांच्या जनगणनेत १८७२पासून १९३१पर्यंत वेडे, मुके-बहिरे, आंधळे, महारोगी असे रकाने होते. त्यानंतर ते बंद झाले. १९८१ साली अपंग वर्ष म्हणून पुन्हा विचारणा झाली, ती आंधळे, मुके आणि पांगळे एवढ्यांचीच. मी मोजला गेलो, मामू नाही. मानसिक आजाराचा स्वतंत्र रकाना आला तो २०११ला आणि त्यात साऱ्या देशात सव्वासात लाखांच्या आत-बाहेर माणसं निघाली. एकशे एकवीस कोटींमध्ये सव्वासात लाख! ज्याला आपल्या गावाचा अनुभव आहे त्याने या आकड्यावर विश्वास ठेवावा की नाही ते ठरवावं. दारावर आलेल्या शिक्षकाला घरात कोण लंगडं आहे ते आपण सांगतो, माडीवर कोण कोंडलंय ते सांगत नाही.

१९९५चा अपंग व्यक्तींचा कायदा आला, १९९६च्या फेब्रुवारीत लागू झाला. आमच्यासारख्यांना तो सणासारखा होता. तीन टक्के आरक्षण, दाखले, सवलती. आम्ही दहा-बारा जणांनी तालुक्यात अपंगांचा एक गट उभा केला. फॉर्म भरून घ्यायचं काम माझ्याकडे, कारण लिहिणारा मीच. एका रविवारी शाळेच्या वर्गात फॉर्म भरणं चालू होतं. एक बाई आली, पन्नाशीची, डोंगराकडच्या कुठल्याशा वाडीतली. मुलाची औषधाची चिठ्ठी तिने माझ्यापुढे ठेवली. मुलगा बाहेर व्हरांड्यात उभा होता, धडधाकट, भिंतीकडे तोंड करून. मी चिठ्ठी वाचली, त्यावरची औषधं मला आता तोंडपाठ आहेत, तेव्हा कळली नाहीत. मी म्हणालो, “मावशी, हे अपंगांचं आहे. तुमच्या मुलाचे हातपाय चांगले आहेत.”

ती म्हणाली, “मंग माजा पोर कशात बसतो?”

मी म्हणालो, “यात नाही बसत.”

ती चिठ्ठी घडी करून निघून गेली. रांगेतलं कोणीतरी हसलं. मीही हसलो असेन. श्रोतेहो, त्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार दिले होते. अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठमुक्ती, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि सातवा, मानसिक आजार. कायद्याची मराठी प्रत माझ्या टेबलावर होती. मी अस्थिव्यंगापर्यंत वाचून थांबलो होतो, कारण तिथे माझं नाव होतं. आणि हा माणूस मामूचा भाचा. नंतर मी त्या वाड्यांमध्ये दोनदा जाऊन विचारलं. ती बाई मला सापडली नाही.

२००१च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली. तिथल्या दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवणारी खासगी खोपटं चालायची. ६ ऑगस्टच्या पहाटे त्यांतलं एक पेटलं. आतली माणसं साखळीने बांधलेली होती. अठ्ठावीस जण गेले. ही बातमी मी रेडिओवरच ऐकली. अम्मी तांदूळ निवडत होती, तिने सूप खाली ठेवलं आणि रेडिओ बंद केला. त्या दिवशी आमच्या घरी त्या बाबतीत एक शब्द बोलला गेला नाही. आठवड्याने मी आजोळी गेलो आणि गोठ्यातला तो खांब कापून काढला. वीस वर्षांनी. त्याचा काय उपयोग होता ते मला विचारू नका.

आणि मग २००६ साली आमच्याच वेणगाव भागात एक संस्था आली. तिच्याविषयी सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी, मुंबईचं मनोविकारतज्ज्ञ जोडपं. १९८८ साली त्यांनी रस्त्याकडेला एक तरुण पाहिला, नारळाच्या करवंटीने गटाराचं पाणी पिणारा. त्याला त्यांनी आपल्या दवाखान्यात नेलं, उपचार केले, आणि तो बरा व्हायला लागल्यावर कळलं की तो आंध्रातला पदवीधर, लॅबोरेटरीचा डिप्लोमा झालेला मुलगा आहे. घरचे त्याला शोधत होते. तिथून ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ सुरू झालं. आधी दहिसरला छोटी जागा. मग बाबा आमट्यांशी भेट, त्यांचं उत्तेजन, आणि कर्जतचं मोठं केंद्र. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्या वेळेपर्यंत सात हजारांहून अधिक माणसं उपचार होऊन आपापल्या घरी पोचवली गेली होती.

पुरस्कार आपल्याला लवकर कळतो. काम कसं चालतं ते लोकांना कमी माहीत असतं. रस्त्यावरून आणलेल्या माणसाचे केस कापतात, आंघोळ, जखमांवर मलमपट्टी, मग औषधं. काही आठवड्यांत बहुतेकांचं बोलणं जागेवर यायला लागतं. मग संस्थेतली निरनिराळ्या भाषा जाणणारी माणसं त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतात. तालुका कोणता, जवळचं स्टेशन कोणतं, गावात काय आहे, असे धागे जुळवत घर शोधायचं आणि रेल्वेने सोबत जाऊन त्याला दारात पोचवायचं, औषधं देऊन. ज्या रेल्वेने त्याला हरवलं, त्याच रेल्वेने.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपण दया करायला जातो तेव्हा पहिलं विचारतो, भूक लागलीय का? तिथे मुळात त्याला एक गाव आहे असं धरून चालतात. घरी पोचला म्हणजे सगळं झालं असंही नाही. औषध बंद पडलं की माणूस पुन्हा निघून जाऊ शकतो, घर घ्यायला तयार नसतं, बायकांच्या बाबतीत तर फार वेळा नसतं. एका संस्थेने किती करावं? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ही औषधं नियमित मिळाली तर हा रस्ता निम्म्याने रिकामा होईल असं माझं मत आहे.

कायदा मात्र आता बराच पुढे आलाय. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सातचे एकवीस प्रकार झाले, मानसिक आजार त्यात आहेच. आणि २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २०१८च्या मे महिन्यात लागू झाला, तो मी सगळ्यांना वाचायला सांगतो. त्याचं पंचाण्णवावं कलम माणसाला साखळीने बांधायला मनाई करतं. शंभरावं कलम सांगतं की रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही आणि तो हरवलेला माणूस म्हणून नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोध घ्यायचा. १९१२च्या कायद्यात पकडायचं होतं, इथे सांभाळायचं आहे.

या कलमाचं पान मी छापून खिशात ठेवतो. तीनेक वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका रात्री, आमच्या भागातल्या एका एसटी स्टँडवर एक बाई बाकाखाली बसलेली दिसली. चार पोरं तिला हाका मारून पळत होती. मी काठी टेकत खाली बसलो, माझ्यासारख्याला ते सोपं नाही, आणि हिंदीत नाव विचारलं. ती काही बोलली नाही. मग म्हणालो, “आपका गाँव कौन सा है?” तिने माझ्याकडे पाहिलं आणि उत्तरेकडच्या एका स्टेशनचं नाव सांगितलं. मग त्याच्या पुढच्या स्टेशनचं. मग त्याच्या पुढच्या. सहा-सात स्टेशनं तिने ओळीने म्हटली, आणि एका नावावर थांबली.

पोलीस चौकीत ड्युटीवर एक तरुण हवालदार होता. त्याला हे कलम माहीत नव्हतं. त्याने माझा कागद घेतला, दिव्याखाली धरून दोनदा वाचला, आणि म्हणाला, “चाचा, हे खरं आहे ना? मग मला साहेबांना उठवायला लागंल.” त्याने उठवलं. महिला पोलीस येईपर्यंत त्याने त्या बाईला चहा आणि बिस्किटाचा पुडा दिला. पहाटे तिला सरकारी दवाखान्यात नेलं. पुढे ती त्या स्टेशनापर्यंत पोचली का, ते मला कळलं नाही. तो कागद मी त्याच्याकडेच ठेवला, त्याने भिंतीवर चिकटवलाय.

नानी २००४ साली गेली. शेवटपर्यंत तिने एक गोष्ट होऊ दिली नाही. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर कायदा त्याला मेलेला धरू शकतो. वकिलाने हे तिला समजावून सांगितलं होतं. जमिनीची वाटणी त्यामुळे अडली होती, मामा लोक वैतागले होते. ती म्हणायची, “कागद थांबेल. पोराला काय घाई आहे?” 

आजोळची ती जमीन आता हायवेच्या जवळ आली आहे. खालापूरकडे जमिनींना काय भाव आलाय ते तुम्ही जाणता. दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी एजंट येतो, ओसरीवर बसतो, सातबारा उलगडतो. नावांवरून बोट फिरवत चौथ्या नावावर थांबतो आणि विचारतो, “हे कोण? यांची सही लागेल.”

अम्मी आता ऐंशीच्या पुढे आहे, कमी ऐकू येतं. पण हा प्रश्न तिला आतल्या खोलीतूनही ऐकू येतो. ती तिथूनच सांगते, “आहे तो. बाहेर गेलाय.”